वालाच्या मुळाशी

मित्रांनो, आधी नाक मुरडणं थांबवा. मी एक जुना जिवाणू आहे, हे खरं. जिवाणू म्हटलं की तुमच्या आया साबण शोधायला धावतात, हेही मला ठाऊक आहे. पण मी आजारातला नव्हे, मातीतला. नांगरलेल्या जमिनीला जो वास येतो ना, तो माझ्या चुलतभावंडांचा उद्योग. त्या वासाचं कौतुक करता आणि आमच्या नावानं अंगावर काटा आणता, हा कुठला न्याय?

मी किती जुना, हे मलाच सांगता येत नाही. आमच्यात एकाचे दोन होतात, दोघांचे चार, आणि त्यातली आई कोण नि लेक कोण हे विचारायची सोय नसते. म्हणून मी 'मी' म्हटलं की त्यात लाखो आले असं समजून चाला. आणि ज्याला कान नाहीत त्याला माणसांचं बोलणं कसं ऐकू आलं, अशी शंका ज्याला येत असेल त्यानं आत्ताच उठून बाहेर खेळायला जावं. गोष्ट सांगणाऱ्याची उलटतपासणी घ्यायची नसते.

माझं घर चौलच्या अलीकडे, खाडीच्या बांधाला लागून असलेल्या एका शेतात. बांधापलीकडे खारं पाणी, अलीकडे भात. त्यामुळे माती थोडी खारवट, विहिरीचं पाणी मचूळ. शेत कृष्णाजी आणि धोंडूबाई या नवराबायकोचं. कृष्णाजीनं उमेदीची वर्षं न्हावा शेव्याला ट्रेलर चालवण्यात घालवली, त्यामुळे शेत खरं सांभाळलं ते धोंडूबाईनं. भात निघालं की उरलेल्या ओलीवर ती कडवे वाल पेरायची. हे वालाचं बी तिच्या आईकडून आलेलं. आई कधीच गेली, माहेरचं घरही विकलं गेलं. उरलं ते एवढं बी. दरवर्षी पेरायचं, दरवर्षी त्यातलंच निवडून राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं, असं तिचं चाललं होतं.

आणि मी त्या वालाच्या मुळाशी राहायचो. वालाचं मूळ मोठं प्रेमळ असतं. जमिनीत जाता जाता थोडंथोडं काहीतरी खायला सोडत जातं. भरपूर नाही, जिवापुरतं. त्या बदल्यात मी पहारा करायचो. कसला पहारा, ते कळायला माझ्या पोटात थोडं डोकवावं लागेल. कंटाळू नका, सगळी गोम तिथंच आहे.

माझ्या पोटात एक लांबच लांब धागा आहे आणि त्यावर हजारो कामांच्या रीती लिहिलेल्या आहेत. मीठ वाढलं तर काय करायचं, ऊन तापलं तर काय करायचं, मूळ खाणारी बुरशी आली तर तिला मारणारं औषध कसं बनवायचं. अशा एकेका रीतीला शिकलेली माणसं जनुक म्हणतात. पण लग्नघरातल्या सगळ्या बायका एकदम चुलीपाशी गेल्या तर भातही करपतो नि पाहुणेही उपाशी राहतात. कोणीतरी सांगावं लागतं की तू वरण बघ, तू गप्प बस. माझ्या पोटात हे सांगणारी जनुकं वेगळी आहेत. ती स्वतः काही रांधत नाहीत, फक्त हुकूम सोडतात. त्यांना नियंत्रक जनुकं म्हणतात. मी त्यांना कारभारी म्हणतो.

आणि या कारभाऱ्यांची चक्क घराणी आहेत! एक घराणं जोडीजोडीनं काम करतं. जोडीतला एक भिंतीला कान लावून बाहेरची खबर घेतो, दुसरा आत जाऊन त्याप्रमाणे काम सुरू करून देतो. एक घराणं झोपेचं. उपासमार फारच झाली की ते मला टणक कवचात बंद करून टाकतं. मग मी उन्हाळा काढतो, दुष्काळ काढतो, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजतात त्या आगीखालूनही तरून जातो. आणखी एक घराणं आहे ते नुसतं दाबून बसणारं. काम करायचं नाही असं ठरलं की त्या कामाच्या रीतीवर पालथी मांडी घालून बसतं. माझी बहुतेक भांडणं याच घराण्याशी आहेत, आणि त्यातही एकाशी. तो गोडाचा कारभारी. त्याचा एकच हेका, 'गोड आहे ना समोर? मग ते आधी खा. बाकीची कामं मागाहून.' भुकेच्या जगात हा सल्ला शहाणपणाचाच आहे. फुकटचं खाणं सोडून उगाच कष्ट का करावेत? पण त्यानं एकदा काय घोळ घातला, ते पुढं कळेलच.

दोन वर्षांपूर्वी शेतात मर आली. मर म्हणजे जमिनीतल्या बुरशीचा रोग. वाल हातभर वाढायचा, फुलावर यायचा, आणि एक दिवस माना टाकायचा. उपटून बघावं तर मूळ काळं. पहिल्या वर्षी अर्धं शेत गेलं. दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त. ज्या घरच्या शेंगांनी थंडीत पोपटीची, म्हणजे जाळात शेंगा भाजायची, मडकी भरायची, त्या घरात पोपटीला शेंगा पुरेनात. धोंडूबाई वाफ्यात उकिडवी बसून एकेक मेलेलं झाड उपटायची आणि बांधावर नेऊन टाकायची.

"बाजारातना दुसरा बी आन," कृष्णाजी म्हणाला.

"बाजारच्या वालाला काय चव हाय? आणि या खाऱ्या जमिनीन तो टिकंल?"

"मग काय करशील?"

"काय करू म्हंजे? माझ्या आयची एवढीच खूण हाय माझ्याकडं," धोंडूबाई म्हणाली. "तीपण जाऊ दे काय?"

कृष्णाजी एरवी बायकोला चिडवल्याशिवाय पाणी पीत नाही. त्या दिवशी तो तिच्या शेजारी बसून मेलेली झाडं उपटू लागला.

त्यांची मुलगी कल्पिता शहरातल्या एका प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास करते. 'शेताकडे बघायला कोणी नको का?' म्हणून ओरडणाऱ्या बापानंच तिला शिकवली, हेही सांगून टाकतो. ती पोपटीला म्हणून घरी आली नि आईचा चेहरा बघून सरळ शेतात गेली. मेलेल्या झाडांतून हिंडता हिंडता बांधाच्या कोपऱ्याशी थबकली. तिथली बरीच झाडं तशीच्या तशी हिरवीगार उभी होती.

"आय, हितली कशी काय वाचली?"

"देवाला ठावं," धोंडूबाई म्हणाली.

देवाला ठाऊक असेल, पण मलाही ठाऊक होतं! बाकीच्या शेतात मी विरळ झालो होतो, पण तिथं दाट होतो. तो कोपरा सर्वांत खारा, सर्वांत भुकेला. खायला फुकटचं काही नाही, म्हणून गोडाचा कारभारी तिथं बसायलाच नव्हता आणि माझं औषध रात्रंदिवस चालू होतं. कल्पितानं एका झाडाच्या मुळाशेजारची माती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरली, आणि माझी स्वारी निघाली.

प्रयोगशाळेत माझी बडदास्त ठेवली ती अगदी दिवाळसणाच्या जावयासारखी! काचेची स्वच्छ ताटली, खाली लुसलुशीत अन्न, त्यात साखर, त्यात आणखी कसले कसले अर्क. आयुष्यात पहिल्यांदा मी पोट भरून जेवलो. एकाचे दोन, दोघांचे चार, बघता बघता ताटलीभर पसरलो. मग कल्पितानं त्याच ताटलीत एका बाजूला मर आणणारी बुरशी आणून ठेवली. मी तिला मारतो का, हे बघायचं होतं. मी कसला मारतोय! मी जेवत होतो. बुरशी हळूहळू सरकत माझ्या अंगावर चढली तरी माझं तोंड चालूच होतं.

कल्पिताचं तोंड एवढंसं झालं. "मी चुकीचा जिवाणू उचलला वाटतं," ती शेजारच्या टेबलावरच्या रत्नपालला म्हणाली.

हा रत्नपाल उरणकडचा. बोलणं कमी, काम चोख, आणि अभ्यासाचा विषय नेमका आमचे कारभारी! मातीतल्या जिवाणूंच्या पोटात नियंत्रक जनुकांची कोणती घराणी आहेत आणि ती कधी काय हुकूम सोडतात, हे शोधण्यात त्याची वर्षं चालली होती. त्यानं माझा धागा वाचायला घेतला आणि कल्पिताला बोलावलं.

"जिवाणू चुकीचा नाही," तो म्हणाला. "बुरशीच्या औषधाची रीत याच्या पोटात आहे. अख्खी आहे. पण तिच्यावर कोणीतरी बसलंय."

"कोण?"

"तूच बसवलंयस. किती साखर घालतेस त्यात? गोडाचं नियंत्रण करणारं एक घराणं असतं. गोड समोर असेपर्यंत ते बाकीची दुकानं उघडू देत नाही. तुझ्या शेतात कोण याला साखर घालत होतं?"

कल्पितानं कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी माझं ताट बदललं. साखर बंद. अन्न नावापुरतं आणि वर खारट पाणी. पहिल्यांदा मी मनातल्या मनात तिला खूप शिव्या दिल्या. पण पोट रिकामं झालं तसा तो दाबून बसलेला कारभारी उठला. बाहेर बुरशीची चाहूल होतीच. कान लावून बसलेल्या जोडीनं आत वर्दी दिली आणि माझं औषध सुरू झालं. दोनेक दिवसांनी कल्पितानं ताटली उजेडात धरली, तर माझ्याभोवती स्वच्छ कडं पडलेलं आणि बुरशी त्या कड्याबाहेर हात जोडून उभी! पोरगी अशी काही ओरडली की बाहेरून शिपाई काय झालं ते बघायला आला.

मग पेरणीच्या वेळेला कल्पिता मला बाटलीत घालून घरी घेऊन आली. मी तेव्हा कवचात झोपलेला होतो, म्हणजे प्रवासाचा त्रास नको. तिनं आईला नीट समजावलं. "जमिनीला वाफसा आला का बी एका परातीत घे. या बाटलीतलं पाणी त्यावर शिंपड, हलक्या हातानं चोळ, सावलीन सुकव नि पेर." सुट्टी नव्हती, म्हणून ती लगेच परत गेली. सगळं सांगितलं, पण जे तिच्या दृष्टीनं सांगायची गरजच नव्हती ते सांगितलं नाही. कोण शहाणं माणूस औषधात जादा काही घालतं?

पण तुम्ही धोंडूबाईला ओळखत नाही. तिच्या दारातून आजवर कोणी नुसतं पाणी पिऊन गेलेलं नाही. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याच्या हातावरसुद्धा ती काहीतरी गोड ठेवते. वाफसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी ओलसर झाली, त्या सकाळी तिनं परातीत बी ओतलं, बाटली उघडली आणि आत वाकून बघितलं.

"एवढ्या लांबना आयलीत बिचारी. त्यांना नुसत्या पाण्यावर ठेवू?"

"अगो, जंतू हायेत ते," कृष्णाजी म्हणाला. "व्याही न्हायेत."

"जंतू असूदेत. माझ्या दारान आयलेत ना?"

शिवाय तिच्याकडे आधारही होता. मागं गावात कोणीतरी खताच्या पाकिटातले दुसरे जिवाणू बियाण्याला चिकटावेत म्हणून गुळाच्या पाण्यात कालवून दाखवले होते. त्यानं बेतानं गूळ घातला होता. हिनं हात सैल सोडला. गूळ पाण्यात विरघळवला, पाक बघावा तसा बोटावर बघितला, आणि माझ्यासकट सगळं बियाण्याला मायेनं चोळून शेतात पेरून आली. घरी येऊन शांतपणे चहा प्यायली.

मला जाग आली ती गोडाच्या वासानं. डोळे उघडून बघतो तर चहूकडे गूळच गूळ! आता मला बोल लावू नका. हुकूम माझा नव्हे, कारभाऱ्याचा. तो टुणकन उडी मारून औषधाच्या रीतीवर जाऊन बसला. 'आधी हे संपव.' आणि मित्रांनो, गूळ आवडणारा मी एकटाच थोडाच होतो? जमिनीतली बुरशीही धावली. तिनं गूळ खाल्ला, गूळ संपल्यावर वालाचा दाणा खाल्ला. माझं जेवण उरकून औषध सुरू व्हायच्या आत सगळं आटोपलं होतं.

आठवडा उलटून गेला तरी वाफ्यात हिरवं काही दिसेना. धोंडूबाईनं फोन लावला. "बाय, वाल वर आयला न्हाय गो," एवढंच बोलली. कल्पिता पहिली गाडी पकडून आली आणि चप्पल न काढता शेतात गेली. बोटांनी माती उकरली. दाणा हातात आला तो बुळबुळीत, वर कापसासारखी पांढरी बुरशी. दुसरा उकरला, तिसरा उकरला, सगळे तसेच. ती मागोमाग आलेल्या आईबापांकडे वळली.

"माझ्यामुळं गेला आय. मीच सांगितला तुला. तुझ्या आयचा बी मी घालवला."

धोंडूबाईला रडू आलं होतं, पण लेक रडतेय म्हटल्यावर तिनं आपलं गिळलं. "असूदे पोरी. तू काय मुद्दाम केलंस? आणि मीपण त्यांची काय आबाळ केली न्हाय हो. चांगला घरातला गूळ घातला."

कल्पितानं मान वर केली. "काय घातलास?"

"गूळ."

"गूळ? किती गूळ?"

"थोडासाच गो."

"थोडासाच!" कृष्णाजी म्हणाला. "कवठाएवढा खडा होता. मी म्हटला, या जंतूंचं बारसं हाय का काय!"

कल्पिता हसायला लागली. डोळ्यांतून पाणी चालू आणि हसतेय. आईबापांना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिनं डोळे पुसले आणि आईचा हात धरून सांगितलं, "आय, जिवाणू खोटा न्हाय. गोड मिळाला का हे काम बंद करतात. त्यांच्या पोटान एक कारभारी असतो, तो गोड संपेपर्यंत कोणाला हलू देत न्हाय. मीपण पयल्यांदा हीच चूक केली व्हती."

धोंडूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "म्हंजे तुझ्या बापासारखा. पुरणपोळी जेवला का आडवा."

"मना कशाला मधी घेतेस?" कृष्णाजी म्हणाला.

पण पुढचा प्रश्न विचारायचं धाडस कोणालाच होत नव्हतं. शेवटी कल्पितानंच विचारलं. "आय, थोडासा तरी बी उरलाय काय?"

धोंडूबाई घरात गेली आणि मडकं घेऊन आली. दाण्याचं भांडं कधी पार रिकामं करू नये, तळाला काहीतरी राहू द्यावं, ही तिच्याकडची रीत. त्या रीतीपायी तळाशी राखेत मूठ-दीड मूठ वाल राहिले होते. त्यातही काहींना भुंगा लागायला सुरुवात झालेली. ते तसेच ठेवले असते तर पुढच्या वर्षापर्यंत मडक्यात पीठच मिळालं असतं. पेरले आणि बुरशीनं खाल्ले, तर मात्र सगळंच संपलं.

धोंडूबाईनं मडकं पोटाशी धरलं. "मना भ्या वाटतंय गो," ती म्हणाली. असं ती कधी कोणापुढं बोलली नव्हती. "हा गेला तर माझ्या आयचा काय उरणार न्हाय."

"मनापण भ्या वाटतंय," कल्पिता म्हणाली. "पण ठेवलास तरी जाणारच हाय. पेरलास तर वाचंल तरी."

बांधाचा तो कोपरा यंदा उधाणाच्या पाण्यानं पांढरा झाला होता, तिथं काही रुजलं नसतं. म्हणून विहिरीजवळचा वाफा निवडला. तिथंही बुरशी होती, शेतात सगळीकडेच होती. कल्पितानं बाटलीतलं उरलेलं पाणी काढलं. परात दोनदा घासून घेतली. त्यात विहिरीचं मचूळ पाणी थोडं घातलं, बाकी काही नाही. "चोळ," ती आईला म्हणाली.

"मी न्हाय. तूच चोळ. माझ्या हाताला यश न्हाय."

"तुझ्याच हातानं इतकी वर्सं जगलाय तो. चोळ."

धोंडूबाईनं चोळलं, सुकवलं आणि पेरलं. पेरताना तिचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती की आईचं, ते मला कळलं नाही.

आता माझी पाळी. जाग आली तेव्हा आजूबाजूला काही गोडधोड नव्हतं. खारट ओल, थंड माती आणि दाण्याच्या सालीतून झिरपणारं जेमतेम खाणं. गोडाच्या कारभाऱ्याला बसायला जागाच नव्हती. पण एकट्यादुकट्यानं औषध करून उपयोग नसतो. ते मातीत विरून जातं. म्हणून आमच्यात प्रत्येक जण एक बारीकशी खूण बाहेर सोडतो, आणि त्या खुणा दाट झाल्या की मोजणारे कारभारी समजतात, आता आपण पुरेसे झालो. तोवर थांबायचं. मित्रांनो, ते थांबणं फार कठीण होतं, कारण समोरून बुरशीचे पांढरे धागे येताना कळत होते. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? मग खुणा दाट झाल्या. सगळ्यांच्या पोटात एकदम एकच हुकूम फिरला आणि औषध सुटलं. पहिला धागा दाण्याजवळ आला, त्याचं टोक फुगलं आणि फुटलं. दुसराही फुटला. नंतरचे वळून परत गेले. आणि माझ्या पाठीमागं वालाचं मूळ पांढरंशुभ्र, निर्धास्तपणे खाली उतरलं.

कल्पिता यावेळी सुट्टी वाढवून राहिली होती. एका सकाळी धोंडूबाई विहिरीवर गेली आणि हंडा तिथंच टाकून उभी राहिली. वाफ्यात माती फुटली होती आणि वाकड्या मानेचे कोंब वर येत होते. इथं एक, तिथं दोन, पलीकडे ओळच.

"आयला गो!" ती ओरडली. "कल्पे, आयला! अहो, वाल आयला!"

कृष्णाजी लुंगी सावरत धावला. कल्पिता दात घासताघासता धावली. धोंडूबाई तोवर मातीतच बसली होती आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडात धरून बसली होती. कल्पितानं रत्नपालला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आईंना सांग, अभिनंदन. आणि गूळ लपवून ठेव." ते ऐकून धोंडूबाई म्हणाली, "या पोराला एकदा जेवाया आन. त्याला तरी गोड चालतो ना?"

मर येण्याचा काळ आला आणि गेला. चारदोन झाडं गेली, बाकीची फुलली. शेंगा धरल्या. त्या थंडीत गावभर पोपट्या लागल्या, पण या घरानं त्या शेंगांना हात लावला नाही. एकूणएक शेंग वाळू दिली. सोलल्यावर मडकं काठोकाठ नाही, पण गळ्यापर्यंत आलं. धोंडूबाई त्यात हात घालून नुसती बसायची.

आणि मग तिनं एक गोष्ट केली. शेजारच्या शेतातली सखुबाई तिची जुनी ओळखीची. तिनं आजवर कितीदा या वालाचं बी मागितलं असेल, पण धोंडूबाईनं कधी दाणा दिला नव्हता. आईची वस्तू, ती आपल्याच घरात राहावी, असं तिला वाटायचं. त्या दुपारी तिनं स्वतः हाक मारली.

"सखू, वटी पसर."

सखुबाईला वाटलं, थट्टा चाललीय. तिनं ओटी पसरली आणि धोंडूबाईनं तीत तीन ओंजळी वाल ओतले.

"अगो, एवढा? परत कवा देऊ?"

"परत नको," धोंडूबाई म्हणाली. "तुझ्या शेतान जगव, झाला. यंदा जीव नुस्ता टांगणीला लागला व्हता गो. एकाच मडक्यान ठेवून मना आता झोप येयाची न्हाय."

त्या दाण्यांना माझ्या शेताची धूळ चिकटलेली होती आणि धुळीत मी होतो. तेव्हा मीही सखुबाईच्या ओटीतून तिच्या शेतात गेलो. आता मी दोन्हीकडे आहे.

मित्रांनो, तुमच्याकडून मला फार काही नको. माझी आरती नको, मला खाऊ नको. जमीन उगाच भाजू नका, तिच्यात येईल ते ओतत सुटू नका, आणि ती भुकेली दिसली तर आधी बघा की त्या भुकेमुळेच तिच्यात कोणी कामाला लागलंय का. आम्ही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही नाही असं समजू नका. मूळ पांढरं निघालं की समजा, खाली कोणीतरी पहाऱ्यावर होतं. आणि जे तुम्हाला जिवापाड प्रिय असेल, ते एकट्यानं कवटाळून बसू नका. धोंडूबाईनं ते वाटलं, आणि त्या रात्री दोन वर्षांनी पहिल्यांदा ती पाठ टेकल्याबरोबर घोरायला लागली.